आकडा ४७१ की ४७२?

मी मूळचा पुण्याचा. सध्या श्टुटगार्टजवळच्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या पोर्शे तपासतो आणि अस्सल काय, मागाहून बसवलेलं काय, याचा अहवाल लिहितो. त्या दिवशी लिफ्टवर होती १९७३ची ९११ कारेरा आरएस २.७. रंग पांढरा, मागे ती प्रसिद्ध ‘बदकशेपटी’, म्हणजे इंजिनाच्या झाकणावरचा वर उचललेला स्पॉयलर. मालकीणबाईंच्या वडिलांनी नवी घेतलेली. ते गेल्यावर आता विकायला काढली होती. बाईंनी फोनवरच ठणकावलं होतं, ही लाइटवेट आहे, म्हणजे कमी सामानाची हलकी आवृत्ती, कारखान्याच्या पर्याय-यादीत एम४७१.

हा आकडा लाखमोलाचा का, ते सांगतो. ग्रुप ४ या वर्गाच्या शर्यतींत उतरायचं तर ५०० गाड्या बनवणं भाग होतं. एवढ्या घेणार कोण, अशी विक्री विभागाला धास्ती. ऑक्टोबर १९७२मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात गाडी मांडली आणि ५०० हां हां म्हणता संपल्या. शेवटी आकडा गेला १,५८०वर. त्यात ४७१ फक्त २००. टूरिंग, म्हणजे रोजच्या वापराच्या सगळ्या साजाची ४७२, तब्बल १,३०८. खास शर्यतीच्या आरएसआर ५५. उरलेल्या १७ आरएसएच, म्हणजे शर्यतीच्या मान्यतेसाठीच्या बिनसाजाच्या, आणि खरी गंमत यांच्यात आहे. कागदोपत्री वजन कमी दिसायला हवं होतं, म्हणून आरएसआर सोडून बाकीच्या गाड्या आधी आरएसएचसारख्या उघड्याबोडक्याच तयार व्हायच्या. काट्यावर चढायच्या, वजनाची नोंद झाली की पुन्हा आत यायच्या, आणि मग गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे गालिचे, मागची सीट, घड्याळ असा साज चढायचा. टूरिंगच्या साजाला २,५०० मार्क जास्त पडत, ४७१ला ७००. आज बरोबर उलटं झालंय, जिच्यात सामान कमी ती महाग. त्यामुळे टूरिंग सोलून तिची लाइटवेट करणारे जागोजागी निघालेत.

मी आधी नंबर बघतो. पुढच्या डिकीत चॅसी नंबर ९११३६०ने सुरू होणारा, ठोकणी जुनी, भोवतीचा पत्रा कुठे कापून जोडलेला नाही. इंजिनाचा नंबर ६६३ने सुरू. दोन्ही कार्डेक्सशी, म्हणजे कारखान्यातल्या नोंदीच्या कार्डाशी, तंतोतंत जुळले. आणि त्याच कार्डावर पर्याय लिहिलेला होता ४७२.

एरवी मी इथेच पेन टेकवलं असतं. पण गाडी बघावी तर सगळं ४७१चं. दारांना आर्मरेस्टऐवजी ओढायचा पट्टा, घड्याळ गायब, ग्लव्हबॉक्सला झाकण नाही, पुढच्या बॉनेटवर मीनाकारीच्या बिल्ल्याऐवजी स्टिकर. मागचा गालिचा उचलला तर आवाज दाबणारी डांबरी चादर खरवडून काढल्याच्या खुणा होत्या. खुणांवर रंगाचा थर, आणि त्या रंगावर रोलबारच्या, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या लोखंडी कमानीच्या, पट्ट्या जोडलेल्या. रोलबारचे बोल्ट गंजून पार बसले होते. विक्रीसाठी घाईघाईने केलेलं काम असं दिसत नाही.

उलगडा बाईंच्या फायलीत झाला. १९७६ची गॅरेजची बिलं: चादर काढणे, सीट काढणे, रोलबार. वडील डोंगरघाटातल्या शर्यतींत उतरायचे. गाडी त्यांनी स्वतःच हलकी करून घेतली होती. मुलीला घरात लहानपणापासून ‘आपली लाइटवेट’ एवढंच ऐकून माहीत.

मी कार्ड दाखवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “कारखान्यानं हिला आधी हलकी करूनच काट्यावर चढवली होती ना? बाबांनी फक्त मागाहून चढवलेलं उतरवलं. यात खोटं काय आहे?”

प्रश्न बिनतोड होता. आमचे माइस्टर, म्हणजे वर्कशॉपचे मुख्य कारागीर, कोपऱ्यातून हसले आणि कॉफी आणायला निघून गेले, असल्या वेळी त्यांना नेमकी कॉफी आठवते. मी म्हटलं, “खोटं काहीच नाही. पण काट्यावर सगळ्याच चढल्या होत्या. दारातून बाहेर पडताना अंगावर जे होतं, तेवढंच कार्ड सांगतं. तुमच्या वडिलांनी केलं ते त्यांच्या नावावर राहू द्या, कारखान्याच्या नावावर घालू नका.”

त्यांना ते फारसं पटलं नाही. पैशांचा फरकही थोडाथोडका नव्हता. पण अहवालात मी तसंच लिहिलं: एम४७२, चॅसी आणि इंजिन मूळचे, १९७६मध्ये पहिल्या मालकाने शर्यतीसाठी हलकी केलेली, बिलं सोबत.

लाइटवेट म्हणून तोंडी सौदा करून बसलेला गिऱ्हाईक अहवाल वाचून मागे फिरला. आता दुसरा आलाय. त्याला गाडी हवी आहे, पण टूरिंगचा सगळा साज परत चढवून, कार्डात आहे तशी. बाईंच्या तळघरात घड्याळ आणि आर्मरेस्ट खोक्यात सापडलेही. माझं मत, रोलबारला हात लावू नका. अशा कोऱ्या करकरीत टूरिंग पुष्कळ मिळतील, शर्यतींत घामाघूम झालेली ही एकच आहे. माइस्टर म्हणतात, कार्डाप्रमाणे करावी. अर्थात कामाचं बिलही तेच लावणार आहेत.