तुम्ही विचारलंत म्हणून: हत्यारं जागेवर राहतात ती कशी

घरी आलेला माणूस गॅरेजमध्ये डोकावला की प्रश्न ठरलेला. शेजारी विचारतात, भाचा विचारतो, कारखान्यातले जुने सोबती विचारतात. "आम्हीही भिंतीला बोर्ड ठोकला, हुक आणले, नावांच्या पट्ट्या चिकटवल्या. महिनाभरात सगळी हत्यारं पुन्हा टेबलावर. तुमच्याकडे ती जागेवर राहतात कशी?"

मी नोकरी केली ती भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, फिटर म्हणून. आता निगडीच्या घराखाली, गाडी लावून उरलेल्या जागेत माझं काम चालतं. सायकली, शेजाऱ्यांच्या स्कूटर, पाण्याचे पंप, थोडं सुतारकाम. या प्रश्नाचं माझं उत्तर पक्कं आहे. बहुतेक जण हत्यार पटकन सापडावं म्हणून मांडणी करतात. मांडणी करायची ती हत्यार परत ठेवता यावं म्हणून.

हत्यार घेताना माणसाला त्याची गरज असते. तो चार डबे उचकेल, शिडीवर चढेल, पण पाना शोधून काढेल. ठेवताना काम झालेलं असतं. हात ग्रीसने माखलेले, वरून जेवायची हाक आलेली, अंधार पडलेला. अशा वेळी एका हाताने, फारसं न बघता, दुसरं काही न हलवता जी जागा गाठता येते तिथेच हत्यार जातं. बाकीची टेबलावर राहतात. त्यासाठी स्वतःला किंवा घरातल्या पोरांना आळशी म्हणू नका. जागाच ठेवण्याजोगी नसते.

ही एका हाताची कसोटी लावून आपलं गॅरेज बघा. भोकांच्या पत्र्यावर किंवा हार्डबोर्डवर नुसते अडकवायचे हुक असतात, ते पक्कड उचलली की तिच्याबरोबर निघून येतात. मग एका हाताने हुक धरा, दुसऱ्याने पक्कड अडकवा. दोन हात लागले, जागा नापास. पान्यांचा सेट ज्या प्लास्टिकच्या पाकिटात मिळतो त्यात पाना परत सरकवायला दोन्ही हात आणि चांगला उजेड लागतो, तोही नापास. कपाटात डबा, डब्याला झाकण, झाकणावर दुसरा डबा, हे तर विचारायलाच नको. माझ्याकडे भिंतीवर प्लाय आहे आणि प्रत्येक हत्यारासाठी स्क्रूने घट्ट बसवलेली लाकडी खुंटी किंवा खाच पाडलेली पट्टी. पाने तिरक्या खाचांच्या पट्टीत उभे राहतात. वरून सोडला की बसला.

पान्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पसारा सर्वांत जास्त त्यांचाच होतो. दुतोंडी पान्यांचा मोठा सेट ६-७ पासून ३०-३२ पर्यंत जातो आणि लोक तो हौसेने अख्खा टांगतात. पण घरात येणारे बोल्ट बघा. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं १० चं, म्हणजे त्याला १० चा पाना लागतो. ८ च्या बोल्टचं डोकं जुन्या जर्मन मापाने १३ चं, जपानी मापाने १२ चं. १० च्या बोल्टला जर्मन मापाने १७, नव्या आंतरराष्ट्रीय मापाने १६, जपानी मापाने १४. १२ च्या बोल्टला १९ किंवा १८. आपल्याकडच्या जपानी घराण्यातल्या स्कूटर आणि मोटारी १०, १२, १४, १७ वर चालतात, ग्रिल, पंप आणि बाजारातले सुटे नटबोल्ट १३, १७, १९ वर. म्हणजे १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७ आणि १८-१९ या पाच पान्यांत घरचं जवळजवळ सगळं काम निघतं. हे पाच कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली, शेगड्याच्या (काम घट्ट धरणाऱ्या व्हाइसच्या) शेजारी. बाकीचे खालच्या खणात. समोर मोजके पाने असले की ठेवताना कुठली खाच कोणाची हा विचारच करावा लागत नाही.

सगळंच भिंतीवर मात्र नको. हत्यारांच्या दोन जाती असतात, बसून राहणारी आणि हिंडणारी. कानशी, रंधा, पटाश्या, मोठे पाने यांचं काम टेबलापाशीच होतं. टेस्टर, इन्सुलेशनवाली पक्कड, वायर सोलायचं हत्यार, छोटे स्क्रू ड्रायव्हर, चिकटपट्टी यांचं काम स्वयंपाकघरात, गच्चीवर, शेजाऱ्याच्या मीटरपाशी. ही हत्यारं एकेक करून भिंतीवर टांगली तर एकेक करून हरवतात. त्यांना मधोमध दांडा असलेली, झाकण नसलेली लाकडी पेटी करा. जाताना सगळी मिळून जातील, येताना सगळी मिळून येतील. सायकल पंक्चरचं सामान वेगळ्या पेटीत. माझी मुलगी डावखुरी आहे आणि सायकलीचं काम तीच जास्त करते, म्हणून ती पेटी टेबलाच्या डाव्या अंगाला आहे. जो ठेवणार आहे त्याच्या हाताशी जागा हवी.

खणांबद्दल माझं मत कडक आहे. खण उथळ हवा, दोन-तीन इंचांचा, आणि त्यात एकच थर. हत्यारावर हत्यार आलं की खालचं नसल्यासारखं होतं आणि मग माणूस बाजारातून दुसरं आणतो. शिवाय काही हत्यारांचं ढिगात नुकसान होतं. कानशीचे दात कडक असतात आणि म्हणूनच ठिसूळ. दोन कानशी एकमेकींवर घासल्या तर काम न करताच बोथट होतात. पटाश्यांच्या धारेचंही तेच. कानशीला आणि पटाशीला प्रत्येकी स्वतःची खाच हवी, आणि पटाशीची धार अशा बाजूला, जिथे चुकून हात जाणार नाही. लोहचुंबकाची पट्टी हल्ली बरेच जण लावतात. पकडी, हातोड्यांसाठी ती चालेल, पण कानस तिच्यावर ठेवू नका. कानशीत चुंबकत्व आलं की लोखंडाचा कीस दातांत अडकून बसतो आणि ब्रशने लवकर निघत नाही.

मोजायची साधनं हत्यारांत मिसळायची नाहीत, हा टूलरूमचा नियम मी घरीही मोडत नाही. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गुण्या यांना वेगळा खण, खाली कापड. मायक्रोमीटर ठेवताना त्याची दोन्ही तोंडं एकमेकांना टेकलेली नकोत, बारीक फट ठेवा. स्प्रिंगचा टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना) असेल तर काम झाल्यावर सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर दाबून राहिलेल्या स्प्रिंगमुळे त्याचं माप हळूहळू ढळतं.

आता पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडची हवा कायम दमट असते, आणि उघड्या लोखंडाला गंजायला भिजावं लागत नाही, दमट हवा पुरते. त्यातून गॅरेजची भिंत ओल धरते. प्लाय भिंतीला थेट ठोकू नका. आधी इंचभर जाडीच्या लाकडी पट्ट्या मारा, त्यांवर प्लाय, म्हणजे मागून हवा खेळते. बारा मिलिमीटरचा प्लाय पुरतो, जड हत्यारं असतील तर अठराचा घ्या. खणात स्पंज अंथरू नका, तो दिसतो छान पण ओल धरून ठेवतो. शिलाई मशीनच्या तेलात भिजवून पिळलेलं सुती फडकं शेगड्याजवळच टांगलेलं असू द्या. घामेजल्या हाताचा ठसा पुसून मगच पाना खाचेत, इतकी सवय लागली की पावसाळा निभतो. घरातलं खाण्याचं तेल नको, ते हवेने चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते.

फडकं दूर असेल तर कोणी पुसणार नाही, हे आता वेगळं सांगायला नको.

जागा ठरली की रंगाने हत्याराची आकृती काढा. आमच्या कारखान्यात फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत, आलं तेव्हा जपानी शब्द पाठ करून घेतले होते, सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. त्यातला दुसरा, प्रत्येक वस्तूला तिची जागा, हा आकृतीच्या बोर्डावर डोळ्यांना दिसतो. नावाची पट्टी वाचावी लागते. रिकामी आकृती दारातूनच सांगते की पक्कड बाहेर आहे. फिक्या पाटीवर गडद रंग, इतकं पुरे. लहान मुलाला आणि पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यालाही कळतं की हे इथलं.

उसनं देण्याचा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. शेजाऱ्याने नेलेली ड्रिल कोणाकडे आहे हे दोन महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. कारखान्यातल्या जुन्या टूल स्टोअरची पद्धत यावर मला आजही सर्वांत चांगली वाटते. प्रत्येक कामगाराला त्याचा नंबर ठोकलेले पितळी बिल्ले मिळत. खिडकीतून हत्यार घेतलं की बिल्ला द्यायचा आणि तो त्या हत्याराच्या खुंटीला लटकायचा. हत्यार परत आलं, बिल्ला परत. ना वही, ना वाद. माझ्याकडे प्लायचे गोल तुकडे आहेत, त्यांवर शेजाऱ्यांची नावं. ड्रिल गेली की तिच्या जागी नाव. त्यामुळे मला "नाही" म्हणावं लागत नाही आणि मागायला जाताना संकोचही वाटत नाही. हत्यार लोकांच्या उपयोगी पडावं असं मला मनापासून वाटतं. तेही व्यवस्थेशिवाय जमत नाही.

आणि खंडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी यंत्रं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पूजा व्हायची. घरी मी त्याच्या आदल्या दिवशी भिंतीवरचं सगळं खाली काढतो. पावसाळा नुकताच संपलेला असतो, त्यामुळे कुठे गंज धरला ते तेव्हाच नेमकं दिसतं. गंज घासायचा, तेल द्यायचं, सैल खुंट्या आवळायच्या, आणि वर्षभरात एकदाही हाताला न लागलेलं हत्यार भिंतीवरून खणात न्यायचं. पूर्वजांनी दिवस अचूक निवडला आहे.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर आधी बोर्ड आणि हुक विकत आणू नका. एक साधी फळी आणि खिळे घ्या. अंदाजाने टांगा आणि महिनाभर नेहमीचं काम करा. रोज रात्री टेबलावर काय राहिलं ते बघा. तेच हत्यार पुन्हा पुन्हा राहत असेल तर त्याचा खिळा उपटून जवळ आणा, उंची बदला, कोन बदला. टेबल आपोआप मोकळं राहायला लागलं की मग प्लाय कापा, खुंट्या बसवा, रंग लावा. आणि बोर्डाचा निदान पाव भाग रिकामा सोडा. नवीन हत्यार येणारच आहे.