सोऱ्या आज आमच्याकडे मुक्कामाला

रविवार, 10 मे 2026, जळगाव

रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि उजवं मनगट अजून ठणकतंय. चार ओळी लिहायच्या म्हटलं तरी आधी तेल चोळून घ्यावं लागलं. कारण सांगितलं तर उद्या ऑफिसात हसतील: आज सकाळी मी कुरडया घातल्या. एकट्याने नाही, पण सोऱ्या फिरवायचं काम बहुतेक माझ्याच गळ्यात होतं.

बुधवारी आईने पाच किलो लोकवन गहू भिजत घातला तेव्हाच मला कळायला हवं होतं. तीन दिवस रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी घरभर जो आंबूस वास सुटतो तो ज्याला सोसत नाही, त्याने खानदेशात उन्हाळा काढू नये. काल संध्याकाळी गहू वाटले, चीक पिळून गाळला आणि रात्रभर पातेल्यात बसू दिला. पहाटे वरचं पाणी ओतून दिलं तर खाली पांढराशुभ्र, जड, बोट रुतवलं तर हळूच परत मिटणारा चीक. तो तांब्याने मोजायचा आणि तेवढंच पाणी आधणाला ठेवायचं. हा हिशोब आई कुणाला करू देत नाही. मीठही तीच घालते. दरवर्षी कुणीतरी चाखून म्हणतं, ‘काकू, अळणी लागतंय,’ आणि दरवर्षी ती म्हणते, ‘वाळल्यावर चढतं गं, थांब जरा.’

सव्वापाचला गच्चीवर तीन विटांची चूल मांडली. गच्चीच्या दारावर ‘गच्चीत वाळवण घालू नये’ असा सोसायटीचा कागद चिकटवलाय. ज्यांच्या सहीने तो निघाला त्यांच्या घरची मंडळी आज सगळ्यात आधी, पाट आणि परात घेऊन हजर होती. कागदाबद्दल कुणी काही बोललं नाही. बोलायचं नसतं.

चीक शिजवणं हे दोघांचं काम. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी उकळत्या पाण्यात चिकाची धार धरली आणि आमच्या हिने दांड्याने घोटायला घेतलं. धार तुटली की गाठी होतात, हात थांबला की खाली लागतं. धूर डोळ्यांत जातोय, नाकातून पाणी येतंय, पण दोघींपैकी कुणालाच जागचं हलता येत नाही. पाच-सात मिनिटांत त्या पांढऱ्या रबडीला काचेसारखी चमक येते. मग झाकण ठेवून वाफ काढायची. ओलं बोट लावून पाहायचं, चिकटलं नाही म्हणजे शिजला.

आणि इथे खरी गंमत असते, ती म्हणजे सोऱ्यात भरण्याआधीची दहा मिनिटं. पोरं वाट्या घेऊन रांगेत. कुणाला चिकावर दूध-साखर, कुणाला नुसतं कच्चं तेल. मी तेलवाला. गरम चीक, वर शेंगदाण्याचं तेल, चिमूटभर तिखट. ही चव वर्षातून एकदाच मिळते आणि कुठल्याही हॉटेलात मिळत नाही, कारण पाच किलो गहू तीन दिवस कुजवून वाटीभर चीक विकणं कुणालाच परवडणार नाही. आजीला (तळमजल्यावरच्या, मूळ धुळ्याच्या) दात नाहीत, तरी त्यांनी दोन वाट्या संपवल्या. माझ्या हातात सोऱ्या बघून म्हणाल्या, ‘हाई काय शे रे भाऊ? बाया सरल्या का?’ सगळी गच्ची हसली. मीही.

सोऱ्याबद्दल लिहायलाच हवं. तो पितळी, फिरकीचा, वजनाला चांगलाच भारी, आणि आमच्यापैकी कुणाचाच नाही. पूर्वी पहिल्या मजल्यावर एक काकू राहायच्या. मुलाकडे कायमच्या जाताना सामान बांधताबांधता तो त्यांनी आईच्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘सगळ्यांना होईल.’ तेव्हापासून तो बिल्डिंगचा. ज्यांच्या कुरडया त्या दिवशी झाल्या त्यांच्याकडे रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी. बाजारात हलके स्टीलचे मिळतात, दोन घरांनी आणलेही, पण गरम चीक दाबताना त्यांची कडी वाकली. हा मात्र वाकत नाही. वाकतं ते मनगट. सिलिंडर फडक्यात धरायचा, कारण पितळ भाजतं, आणि चीक गार व्हायच्या आत फिरवत राहायचं. गार झाला की तो हलत नाही, हलवायला गेलं तर धागा तुटतो. पहिल्या आठ-दहा माझ्या कुरडया म्हणजे शेवयांचे गुंते होते. आईने त्या वेगळ्या काढून ठेवल्या: ‘या तुझ्या तूच तळून खा.’ पुढे पुढे गोल जमायला लागलं. साडेआठपर्यंत प्लास्टिकच्या दोन चादरी आणि एक जुनी नऊवारी भरून गेली.

साडेआठनंतर गच्चीवर पाय ठेवणं अवघडच. इथे मे महिन्यात 43-44 म्हटलं तरी कुणी मान वळवत नाही. पण वाळवणाला हेच ऊन लागतं. एरवी ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो, त्याच उन्हाकडे या चार आठवड्यांत सगळी बिल्डिंग डोळे लावून बसते. उद्या तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या कुरडया. परवा बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. ज्वारीचा घाटा हाटायला पुन्हा तीच मंडळी, आणि पुन्हा घाट्यावर तेल. राजस्थानहून आलेल्या भाभींनी कोपऱ्यात त्यांच्या मुगाच्या मंगोड्या घालायला जागा मागितली. आईने त्यांना सगळ्यात उन्हाची जागा दिली. मी बाकी कधी आईला उन्हाची जागा कुणाला सहज देताना पाहिलेलं नाही.

राखणीला पोरं. कावळ्यांसाठी काळी छत्री उघडून ठेवलेली, पण छत्रीपेक्षा पोरांनी जास्त माल फस्त केला. अर्धवट वाळलेली कुरडई, वरून कडक आणि आतून मऊ, चघळत बसायची. माझी लेक दुपारी जेवलीच नाही. ही काही बोलली नाही; तिनेही लहानपणी तेच केलं असणार.

दुपारभर कूलर, त्याच्या ओल्या गवताचा वास, आणि खाली कुल्फीवाल्याची घंटा. यावर वेगळं काय लिहायचं.

संध्याकाळी सगळे पुन्हा वर, कुरडया उलटायला. तेव्हा गेल्या वर्षाचा विषय निघालाच. 2025 च्या मे महिन्यात पावसाने जो धिंगाणा घातला तो कुणी विसरलेलं नाही. मान्सून केरळात 24 मे ला आला, पण त्याआधीच अवकाळीने आमच्या वाळवणाची वाट लावली होती. एका दुपारी ढग गडगडले आणि चारही मजल्यांवरून माणसं धावली. कुरडया साडीसकट उचलल्या, चौघांनी चार टोकं धरून, जिन्यातून जपून खाली. आमच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लावून तीन घरांचं वाळवण तीन दिवस पंख्याखाली पसरलेलं होतं. कुणाच्या कुठल्या हे शेवटी कळेनासं झालं. वाटणी झाली तेव्हा प्रत्येकीला वाटत होतं की आपल्या वाट्याला दुसरीच्या आल्यात, आणि दुसरीच्या जास्त पांढऱ्या आहेत. तळमजल्याच्या काकू आजही म्हणतात, ‘माझ्या तुमच्याकडे गेल्या, म्हणून तुमच्या फुलतात.’ आईचं उत्तर: ‘मग या ना खायला.’ आणि त्या येतात. आखाजीलाही, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही, आल्या होत्या, 19 एप्रिलला. खापरावरचे मांडे, आमरस आणि गेल्या वर्षीच्या त्या वादग्रस्त कुरडया. बहीण माहेरी आलेली, तिच्या मुलीसाठी झोका पार्किंगच्या कडीला बांधला होता, कारण आमच्या आवारात कडुलिंब उरलेला नाही. पुरुष मंडळी पत्ते घेऊन बसली. आखाजीला पत्त्यांना मुभा असते, आम्ही ती महिनाभर ताणतो.

आजही जेवण झाल्यावर गच्चीवर बदामसात झाला. जमिनीतून अजून वाफ येत होती, म्हणून आधी दोन बादल्या पाणी मारलं. सतरंज्यांच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला साडीखाली झाकलेल्या कुरडया. लेक हरली की रडते, म्हणून तिला सत्त्या दिल्या जातात आणि तिला ते कळत नाही. आजीला कळतं. आजी तिच्याकडून सत्त्या मागून घेतात.

17 तारखेपासून धोंड्याचा महिना लागतोय. जावई येणार, म्हणजे पुरणाचे धोंडे आले, अनारसे आले, आणि ताटात कुरडई आलीच. त्याआधी सगळ्यांचं वाळवण डब्यात जायला हवं. आई आत्ताच पंचांग आणि आभाळ दोन्ही बघून झोपली.

सोऱ्या धुतलाय. ताटलीच्या भोकांत चीक वाळून बसला होता, तो सुईने एकेक काढावा लागला. पाऊण तास गेला. आता ओट्यावर फडक्यावर उपडा घातलाय. पहाटे पाचला तिसऱ्या मजल्यावरून न्यायला येणार आहेत. मीच देतो वर नेऊन, असं सांगून बसलोय. मनगटाचं काय करायचं ते उद्या बघू.