पुरुमेताची यादी आणि कार्डाचं बिल

शुक्रवार

म्हापशाच्या बाजारात आज चालायला वाट नव्हती. मे सरत आला की अर्धं बारदेश आणि पाऊण डिचोली पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीला बाहेर पडते. सासूबाईंनी यादी माझ्याकडून पाठ करून घेतली होती: सोलां (आमसुलं), चिंच, कांद्यांच्या माळा, हरमलची मिरची, गालमो (सुका जवळा), खारे बांगडे. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरांना बंदी. त्या दिवसांत ताजं नुस्तं, म्हणजे मासे, मिळालेच तर सांगतील तो भाव. सुकं घरात असलं की किसमूर, पेज आणि लोणच्यावर आठवडा निघतो, वर कुणाची तक्रार नाही. काटकसर आमच्याकडे अशी चवीनेच येते, फक्त ती मे महिन्यात करायची, जुलैत नाही.

खाऱ्या बांगड्यांसाठी दुपारपर्यंत थांबले. सकाळी गाड्यांतून उतरणाऱ्यांना एक भाव, दुपारी घरी जायच्या घाईत असलेल्या बायेकडून दुसरा. अंदाजापेक्षा तीनशे-साडेतीनशे कमी लागले. ते पैसे बसमध्ये बसल्याबसल्याच मोबाइलवरून क्रेडिट कार्डाच्या खात्यात भरून टाकले. शेजारी बसलेल्या मावशी विचारत होत्या, बिलाची तारीख आली का म्हणून. नाही आली. पण वाचलेले पैसे पर्समध्ये घेऊन घरी गेलं की वाटेत काजू लागतात, पोराला आइस्क्रीम लागतं, आणि रात्री हिशेब मांडताना 'वाचले' असं नुसतं वहीत उरतं. म्हणून त्याच दिवशी भरायचे. शंभर असले तरी.

रविवार, रात्री

हे झोपले, आता निवांत लिहिते.

कार्डावर साधारण 40,000 बाकी आहे. महिना साडेतीन टक्के व्याज, म्हणजे 1,400. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 252. झाले 1,652. सरकारकडून गृहआधार योजनेचे महिन्याला जे 1,500 येतात ते सगळे घातले तरी व्याजसुद्धा फिटत नाही! बिलावर 'किमान रक्कम 2,000' असं ठळक छापलेलं असतं, आणि ती भरली की माणसाला वाटतं, या महिन्याचं झालं. मुद्दलातून सुटतात 348 रुपये. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. कार्डावर घेतलेलं तांदळाचं पोतं म्हणजे उकड्या तांदळाला बासमतीचा भाव. हा हिशेब कळला तेव्हापासून कार्ड कपाटात आणि बाजार रोखीत.

हे कार्ड वापरायची पाळी ट्रकामुळे आली. गोव्यातल्या खाणी परत चालू झाल्यावर यांनी कर्ज काढून ट्रक घेतला होता, गावात तेव्हा दारादारांत ट्रक उभे होते. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लिजा रद्द केल्या, मार्चच्या मध्यावर खाणी बंद झाल्या. ट्रक थांबला तरी हप्ता थांबत नाही. शेवटी फायनान्सवाल्यांनी ट्रक नेला, विकला, आणि विक्रीतून जे फिटलं नाही ते आमच्या नावावर राहिलं. एकाच वर्षी तालुक्यातले एवढे ट्रक विकायला निघाले तर भाव कुठून येणार? हे आता कारखान्याच्या कामगारांची बस चालवतात. बरे चालवतात.

तर घरात तीन देणी आहेत: कार्ड, ट्रकाची बाकी, आणि पतसंस्थेत तारण ठेवलेल्या सासूबाईंच्या पाटल्या. आज जेवताना त्यावरूनच वाद झाला. माझं म्हणणं, ज्याचं व्याज जास्त ते आधी. पाटल्यांचं व्याज या तिघांत सगळ्यांत कमी, त्या थांबू शकतात. सासूबाई म्हणाल्या, "कार्डाचें म्हाका सांगूं नाका, म्हज्यो पाटल्यो केन्ना हाडटली तें सांग." (माझ्या पाटल्या कधी आणणार ते सांग.) गणेश चवथीला माहेरची माणसं येतात, उघडे हात दिसतात. आकड्यांत माझं बरोबर आहे. पण पाटल्या त्यांच्या आहेत, माझ्या नाहीत, आणि ट्रक अडला तेव्हा त्यांनी न विचारता काढून दिल्या होत्या. शेवटी ठरलं ते असं: पाटल्यांचं व्याज दर महिन्याला न चुकता भरायचं म्हणजे त्या लिलावात जाणार नाहीत, बाकी सगळा जोर कार्डावर. चवथीचा खर्च आताच उतरवून ठेवलाय. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान रानातून आणि शेजारून, फटाके अगदी नावापुरते, नवे कपडे फक्त पोराला. सासूबाईंना हे पूर्ण पटलेलं नाही. गप्प बसल्या एवढंच.

बुधवार

कदंबाच्या बसचा मासिक पास काढला. स्कूटर आता दळणापुरती. भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून. संध्याकाळी उशीर झाला तर उरतो तो दुधी आणि कोबी, मग दुधी आणि कोबी. नारळात मात्र हात आखडता येत नाही. अर्ध्या नारळाचं हुमण करून पाहिलं, पोराने ताट सरकवलं. काही ठिकाणी वाचवायला जाऊ नये.

शुक्रवार

संध्याकाळी साडेसातला वसुलीवाल्याचा फोन. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम त्याला ऐकवला, तेव्हा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाला, ताई, ट्रकाची बाकी अर्ध्यावर मिटवून देतो, सेटलमेंट करा. दीर समोरच बसले होते, ते खुणेने सांगत होते, हो म्हण, हो म्हण.

मी वेळ मागून घेतला. अर्ध्यावर मिटवलं तर कर्ज संपेल, पण कर्जफेडीच्या नोंदीत 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड' येईल. पुढच्या बँकेला त्यातून एवढंच कळतं की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, आणि ती नोंद वर्षानुवर्षं राहते. यांना पुन्हा स्वतःची गाडी घ्यायची आहे, लहान का होईना. त्यासाठी कर्ज लागणार. ज्याला पुन्हा बँकेच्या दारात जायचंच नाही त्याने खुशाल सेटलमेंट घ्यावी, मी त्याला नावं ठेवणार नाही. आमचं तसं नाही. व्याज-दंड सोडणार असाल तर मुद्दल पूर्ण देतो, हप्ते पाडून द्या, आणि शेवटी 'क्लोज्ड' म्हणून लेखी द्या, असं दिरांकडून पत्र लिहून घेतलं. त्यांचं अक्षर चांगलं आहे, आणि लिहायला बसवलं की माणूस वाद घालत नाही.

सोमवार

यांचा सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे तीच कर्जफेडीची नोंद, काढला. भारतात अशी नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पैसे मागणाऱ्या पानांवरून मागे फिरायचं एवढंच. स्कोअर 300 ते 900 मध्ये मोजतात, यांचा सहाशेच्या खाली. हे म्हणाले, शाळेत तरी यापेक्षा बरे होते.

पण रिपोर्टात खाली एक जुनं सोनेतारण कर्ज अजून 'चालू' दाखवलेलं निघालं. ते आम्ही केव्हाच फेडलंय. कोणत्या बँकेचं ते लिहीत नाही. बिस्किटांच्या डब्यात नो ड्यूजचा कागद सापडला (सासूबाई कागद टाकत नाहीत, देव त्यांचं भलं करो), त्याचा फोटो जोडून तक्रार टाकली. यांनी शेजाऱ्याला जामीन राहून दिलेली सहीसुद्धा रिपोर्टात दिसते. शेजारी नीट भरतोय, म्हणून बरं. उद्या त्याच्या घरी चहाला जायला हवं, सहज.

तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये त्यांनी आपल्याला द्यायचे, असा नियम आहे. हे ऐकून यांचा चेहरा फुलला. "दिसाक शंबर? मागीर करूं दी तांकां उशीर." मी सांगितलं, आले तर तेही कार्डातच जाणार आहेत. 2025 च्या सुरुवातीपासून बँकांना निदान पंधरवड्याला तरी माहिती पाठवावी लागते, तेव्हा भरलेले पैसे आता लवकर दिसतात. महिनाअखेरच्या आधी आणखी थोडे भरता येतील का ते पगार झाल्यावर बघते. उद्या लवकर उठायचं आहे, गालमो उन्हात घालायचाय आणि मांजराची राखण करायला कोणी नाही.