पाच चौरस मीटरचं स्वयंपाकघर

मॉस्कोत मी ज्या घरात वर्षभर राहिले, तिथल्या स्वयंपाकघरात दोघींना एका वेळी उभं राहता यायचं नाही. एकीनं स्टुलावर बसायचं, दुसरीनं गॅसपाशी उभं राहायचं. भांडी घासता घासता हात लांबवला की खिडकीखालचं कपाट उघडायचं. हे कपाट बाहेरच्या भिंतीतच केलेलं होतं. तिथे भिंत मुद्दाम पातळ ठेवलेली, त्यामुळे हिवाळाभर आतलं सगळं गारेगार राहायचं. घरमालकीणबाई त्यात मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्यांच्या बरण्या ठेवायच्या. त्या कपाटाला तिकडे सगळे 'ख्रुश्चेव्हचा फ्रीज' म्हणतात आणि अशा पाच मजली, बिनलिफ्टच्या इमारतींना 'ख्रुश्चोव्का'.

मी रशियन शिकायला गेले होते, २००८ साली. निकिता ख्रुश्चेव्ह, स्तालिननंतरचा सोव्हिएत संघाचा नेता, हे नाव मला माहीत होतं ते संयुक्त राष्ट्रांत बूट आपटणारा माणूस म्हणून, आणि क्युबात क्षेपणास्त्रं नेऊन ठेवणारा म्हणून. त्या दोन गोष्टींवर भरपूर लिहिलं गेलंय. मला लिहायचंय ते त्या स्वयंपाकघरात बसून मला जो ख्रुश्चेव्ह समजला त्याच्याबद्दल.

घरमालकीणबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. मी त्यांना आजी म्हणायचे. घरात आम्ही दोघीच, तरी काही महत्त्वाचं बोलायचं असलं की त्या आधी उठून स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, थंडी आत येते म्हणून. मग एकदा त्यांनीच सांगितलं. १९६० साली या घरात राहायला येईपर्यंत त्या आणि त्यांची आई 'कोम्मुनाल्का'त राहत होत्या. म्हणजे एका मोठ्या फ्लॅटमध्ये सात कुटुंबं, प्रत्येकाला एकेक खोली, संडास एक, स्वयंपाकघर एक. त्या स्वयंपाकघरात काय बोललं जातं ते कोण ऐकतं आणि कुठे जाऊन सांगतं, याचा नेम नव्हता. आई-मुलगी तिथे फक्त बटाट्यांबद्दल बोलायच्या.

त्यांचे वडील १९३८ साली रात्री नेले गेले. रेल्वेत ड्राफ्ट्समन होते. घरच्यांना कळवलं गेलं, 'दहा वर्षं, पत्रव्यवहाराचा अधिकार नाही.' या शब्दांचा खरा अर्थ बहुतेक वेळा गोळी घातली असा असे. पण ते तेव्हा कुणाला माहीत? आईनं दहा वर्षं मोजली, मग अकरावं, मग बारावं.

आता ख्रुश्चेव्हकडे येते, कारण १९३८ साली तोही या यंत्रणेच्या आत होता आणि बराच वर होता.

जन्म १८९४ चा, कुर्स्क प्रांतातल्या कालिनोव्का नावाच्या खेड्यातला. घरची गरिबी. शाळा जेमतेम चार वर्षं, तीसुद्धा अधूनमधून. पुढे वडिलांच्या मागोमाग दोनबासच्या खाणपट्ट्यात, युझोव्का गावी गेला, आजचं दोनेत्स्क. तिथे फिटरचं काम शिकला आणि खाणींतली यंत्रं दुरुस्त करू लागला. १९१८ साली बोल्शेविक पक्षात आला. पहिली बायको टायफसनं गेली, पदरात दोन लहान मुलं. पुढे नीना पेत्रोव्ना आयुष्यात आली, ती शेवटपर्यंत. १९२९ साली, पस्तिशीत, शिकायला म्हणून मॉस्कोच्या औद्योगिक अकादमीत दाखल झाला. तिथे बरोबर शिकत होती नादेझ्दा अल्लिलुयेवा, स्तालिनची बायको. तिच्या तोंडून आपलं नाव चांगल्या अर्थानं स्तालिनच्या कानावर गेलं, म्हणून आपण वर आलो आणि पुढे जगलोही, असं त्यानं म्हातारपणी सांगितलंय. सहा वर्षांत तो मॉस्कोच्या पक्षसंघटनेचा प्रमुख झाला. मेट्रोचा पहिला मार्ग १९३५ साली सुरू झाला, त्याच्या बांधकामावर तो चिखलात उतरून दिवसरात्र राबला होता.

आणि १९३७ साली त्यानं याद्यांवर सह्या केल्या.

हे मला सौम्य करून लिहायचं नाही. त्या जुलैत त्यानं स्तालिनला कळवलं की मॉस्को भागात ४१,३०५ गुन्हेगार आणि कुलक, म्हणजे सधन ठरवलेले शेतकरी, मोजले गेले आहेत. त्यातले साडेआठ हजार 'पहिल्या श्रेणी'तले. पहिली श्रेणी म्हणजे मृत्युदंड. मॉस्को शहर आणि प्रांताच्या पक्षातले ३८ वरिष्ठ पदाधिकारी होते, त्यातले ३५ मारले गेले. ही त्याच्या रोजच्या बैठकीतली माणसं. १९३८ मध्ये त्याला युक्रेनचा प्रमुख करून पाठवलं, तिथेही अटका चालूच राहिल्या. आपल्याला काही माहीतच नव्हतं, असं म्हणायची सोय त्याला नव्हती.

मग युद्ध. १९४२ साली खारकोव्हजवळ लाल सेनेची जी दाणादाण उडाली, त्या मोहिमेत तो राजकीय प्रमुख होता. नंतर स्तालिनग्राद. मोठा मुलगा लिओनिद वैमानिक होता, १९४३ मध्ये विमानासकट गेला. युद्धानंतर युक्रेनमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा धान्याचा कोटा कमी करा म्हणून ख्रुश्चेव्हनं मॉस्कोकडे मागणं केलं आणि स्तालिनची खप्पामर्जी ओढवून घेतली.

स्तालिन ५ मार्च १९५३ ला मेला. जूनमध्ये गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याला भर बैठकीत पकडलं गेलं. त्या कटाची जुळवाजुळव ख्रुश्चेव्हची होती, सप्टेंबरात पक्षाचा प्रथम सचिवही तोच झाला. बाकीचे नेते त्याला खेडवळ, बडबड्या, हाताखालचा समजत राहिले. हे त्याच्या पथ्यावर पडलं.

२५ फेब्रुवारी १९५६. विसाव्या पक्ष काँग्रेसचं, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनाचं, काम आटोपलं होतं. प्रतिनिधींना पुन्हा बोलावलं गेलं. परदेशी पाहुण्यांना नाही, पत्रकारांनाही नाही. ख्रुश्चेव्ह उभा राहिला आणि जवळजवळ चार तास बोलला. १९३४ च्या काँग्रेसनं निवडलेल्या केंद्रीय समितीत सदस्य आणि उमेदवार-सदस्य धरून १३९ जण होते, त्यातल्या ९८ जणांना अटक करून गोळ्या घातल्या गेल्या. त्या काँग्रेसच्या १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जण पकडले गेले. कबुलीजबाब मारहाण करून घेतलेले होते. हे सगळं स्तालिनचं नाव घेऊन. सभागृहात बसलेले लोक त्याच नावाचा आयुष्यभर जयजयकार करत आलेले. भाषणानंतर चर्चा ठेवलीच नव्हती.

या भाषणात काय नव्हतं, तेही सांगायला हवं. सामूहिक शेतीच्या सक्तीत आणि त्यापाठच्या दुष्काळात मेलेले लाखो शेतकरी त्यात नव्हते. आजींच्या वडिलांसारखी साधी माणसं जवळजवळ नव्हती. बोलणं मुख्यतः पक्षातल्या बळींबद्दल होतं. ख्रुश्चेव्हच्या स्वतःच्या सह्यांचा तर उल्लेखही नव्हता. मोलोतोव्ह, मालेन्कोव्ह, कागानोविच या प्रतिस्पर्ध्यांना अडचणीत आणायचा हिशेबही त्यात होता. हे सगळं मान्य करून मी म्हणते की ते भाषण म्हणजे त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम. गप्प बसणं सोपं होतं. ज्यांचे हात माखलेले होते त्या सगळ्यांनाच ते हवं होतं. त्याचे स्वतःचे हात माखलेले होते, तरी तो बोलला.

भाषणाला 'गुप्त' म्हणतात, पण देशात ते फार दिवस गुप्त राहिलं नाही. छापलेल्या प्रती पक्षाच्या शाखांमध्ये पाठवल्या आणि कारखान्यांत, संस्थांत बैठका घेऊन वाचून दाखवल्या. वाचून झालं की प्रत परत करायची. वर्तमानपत्रात एक ओळ नाही; सोव्हिएत वाचकांना छापील मजकूर मिळाला तो थेट १९८९ मध्ये. १९५६ साली आजी बावीस वर्षांच्या, कोम्सोमोल या पक्षाच्या युवक संघटनेच्या सदस्य. त्यांच्या संस्थेच्या हॉलमध्ये एक माणूस तीन-साडेतीन तास एका सुरात वाचत होता. "कुणी कुणाकडे बघत नव्हतं," त्या म्हणाल्या. "शेजारच्या मुलीचा हात माझ्या हातात होता, आणि तो कुणी पकडला, तिनं की मी, ते मला आजही आठवत नाही." संध्याकाळी घरी येऊन त्या आईला काही सांगू शकल्या नाहीत, कारण स्वयंपाकघरात बाकीच्या सहा घरांतल्या बायका होत्या.

पुढच्या वर्षी कागद आला. तो मी हातात घेऊन बघितलाय. अर्ध्या पानाचा, टाइप केलेला, खाली गोल शिक्का. वडिलांवरचा निकाल 'गुन्हा घडल्याचे आढळत नसल्याने' रद्द. बस्स. सोबत वडिलांचा दोन महिन्यांचा पगार. नियमच तसा होता. त्या पैशांतून आईनं मुलीला हिवाळी कोट शिवला. कोट चांगला जाड होता, अकरा वर्षं टिकला, असं आजी सांगत होत्या. सांगताना त्यांचा हात बाहीवरून फिरावा तसा स्वतःच्या दंडावरून फिरत होता.

घराची गोष्टही याच माणसाची. डिसेंबर १९५४ मध्ये बांधकामवाल्यांच्या मोठ्या परिषदेत ख्रुश्चेव्हनं वास्तुरचनाकारांना धारेवर धरलं. मनोरे, खांब, नक्षी यांवर पैसा उधळता आणि लोक तळघरांत, बराकींत राहतात, हा त्याचा राग होता. फिटरच्या हातांनी विचार करणारा माणूस होता तो. भिंतीच्या भिंती कारखान्यात काँक्रीटमध्ये ओता, ट्रकवरून आणा आणि क्रेननं जोडा. विताली लागुतेन्को या अभियंत्यानं ही पद्धत अगदी काटेकोर बसवली. मॉस्कोच्या नैऋत्येला चेर्योमुश्की भागात नमुन्याच्या इमारती उभ्या राहिल्या आणि १९५७ च्या निर्णयानंतर देशभर धडाका सुरू झाला. पाचच मजले, कारण त्याच्यावर गेलं की लिफ्ट द्यावी लागे. छत अडीच मीटरवर. स्वयंपाकघर पाच-सहा चौरस मीटर. भिंती इतक्या पातळ की वरच्या मजल्यावरच्या माणसाची शिंक आम्हाला ऐकू यायची.

कोट्यवधी माणसं अशा घरांत गेली. आजींना किल्ली मिळाली, त्या रात्री फर्निचर काहीच नव्हतं. मायलेकी स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसल्या. आईनं दार लावलं. आणि मग बावीस वर्षांत पहिल्यांदा ती नवऱ्याबद्दल मोठ्यानं बोलली, पहाटेपर्यंत. मुलीला वडिलांचा आवाज कसा होता हे त्या रात्री कळलं.

मला ते भाषण आणि ही घरं वेगळी करताच येत नाहीत. आधी खरं बोलायला तोंड उघडलं गेलं, मग बोलायला जागा मिळाली.

म्हणून आजी त्याच्या भक्त होत्या असं मात्र नाही. १९६२ च्या जूनमध्ये मांस तीस टक्क्यांनी आणि लोणी पंचवीस टक्क्यांनी महाग झालं, हे त्यांना टक्क्यांसकट पाठ होतं. नोवोचेर्कास्कमध्ये कामगार रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला; सव्वीस माणसं मेली, पुढे सात जणांना मृत्युदंड दिला गेला आणि सगळं दडपलं गेलं. हंगेरीत १९५६ च्या नोव्हेंबरात रणगाडे पाठवणाराही तोच. मका सगळीकडे पिकवण्याचा हट्ट, पडीक जमिनी नांगरण्याची मोहीम, आणि १९६३ मध्ये परदेशातून गहू विकत घ्यायची वेळ. "त्यानं आम्हाला घर दिलं आणि पावासाठी रांगेत उभं केलं," आजी म्हणायच्या. दोन्ही वाक्यं त्या एकाच दमात म्हणायच्या.

१९५७ मध्ये मोलोतोव्ह, मालेन्कोव्ह, कागानोविच यांनी त्याला पाडायचा प्रयत्न केला. वरच्या मंडळात त्यांचं बहुमत होतं. ख्रुश्चेव्हनं केंद्रीय समिती बोलावली, लष्करी विमानांतून सदस्य मॉस्कोत आणले आणि डाव उलटवला. स्तालिनच्या काळात अशा हरणाऱ्यांचं काय झालं असतं ते सांगायला नको. इथे मोलोतोव्ह मंगोलियात राजदूत झाला, मालेन्कोव्ह एका वीजकेंद्राचा संचालक. तिघेही म्हातारे होऊन अंथरुणात मेले.

सात वर्षांनी त्याच्यावरही तीच वेळ आली. १२ ऑक्टोबर १९६४ ला तो काळ्या समुद्रावर पित्सुंदाला सुट्टीवर होता. त्या दिवशी तीन अंतराळवीर घेऊन 'वोस्खोद' यान वर गेलं, तो त्यांच्याशी फोनवर बोलला. त्याच संध्याकाळी मॉस्कोहून दुसरा फोन आला: या, बैठक आहे. अंतराळवीर परत येऊन त्यांचं लाल चौकात स्वागत झालं, तेव्हा व्यासपीठावर त्याच्या जागी आलेला ब्रेझनेव्ह उभा होता. ख्रुश्चेव्हनं प्रतिकार केला नाही. बैठकीच्या पहिल्या रात्री त्यानं जुना सहकारी मिकोयान याला जे सांगितलं, त्याचा आशय असा: स्तालिनला आपण कुणी सांगू शकलो असतो का, की तुम्ही आता नको, घरी बसा? आता भीती गेलीय, आणि माझं काम तेच.

पुढची सात वर्षं मॉस्कोजवळ पेत्रोवो-दाल्नेये इथल्या डाचावर, म्हणजे गावाबाहेरच्या घरात, पहाऱ्यात. भाज्या लावायच्या, फोटो काढायचे, आणि टेपरेकॉर्डरवर आठवणी बोलायच्या. १९६८ मध्ये किरिलेन्को या पक्षनेत्यानं बोलावून दम भरला, थांबवा म्हणून. तो थांबला नाही. आठवणी १९७० मध्ये पाश्चात्त्य देशांत छापल्या गेल्या. ११ सप्टेंबर १९७१ ला तो गेला, 'प्राव्दा'त छोटीशी बातमी आली. क्रेमलिनच्या भिंतीपाशी जागा मिळाली नाही, नोवोदेविची स्मशानभूमीत पुरलं.

मी मार्चमध्ये तिथे गेले. निघताना आजींनी पैसे दिले, दोन कार्नेशन घे म्हणाल्या. थडग्यावर फुलं सम संख्येत ठेवतात. थडगं केलंय एर्न्स्त नेइझ्वेस्तनीनं. १९६२ च्या डिसेंबरात मानेझच्या प्रदर्शनात ख्रुश्चेव्ह ज्या चित्रकार-शिल्पकारांवर संतापून तुटून पडला, त्यांच्यातला हा, आणि त्यानं उलट तोंडावर उत्तरंही दिली होती. घरच्यांनी त्यालाच विचारलं आणि तो तयार झाला. काळ्या ग्रॅनाइटचे आणि पांढऱ्या संगमरवराचे ठोकळे एकमेकांत अडकवलेले, कुठेच समसमान नसलेले. मधल्या कोनाड्यात ब्राँझचं गोल, टकलं डोकं. दगडावर बर्फ साचलं होतं. मी फुलं ठेवली, बराच वेळ उभी राहिले.

परत आले तर आजी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. चहा ओतत त्यांनी विचारलं, "नावावरचं बर्फ झाडलंस का?"

मी झाडलं नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, तेव्हा त्यांचाच जुना ब्रश बरोबर नेला.