जॉब गार होऊ दे

2009 साली वाळूज एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात दोन जुन्या लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, आम्ही जॉबवर्क सुरू केलं, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांचे सुटे भाग बनवून द्यायचं काम. कर्ज, ऑर्डरी, पहिली संगणकावर चालणारी सीएनसी मशीन, हे सगळं प्रत्येक छोट्या कारखानदाराच्या वाट्याला येतंच. मला आमच्या पोरांबद्दल सांगायचंय.

गंगापूर, पैठण, कन्नडकडून पोरं येतात. आयटीआय झालेली असते, पण बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर हातात दिला की बिचकतात. पैठणचा एक टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, मशीनवरचा गरम जॉब, म्हणजे कातलेला भाग, तसाच मोजायचा. 25 मिलिमीटरचा शाफ्ट गरम असताना फुगतो आणि दहा-बारा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, जास्त दाखवतो. हा तेवढा माल कातून काढायचा आणि गार झाल्यावर शाफ्ट अंडरसाइज, मापापेक्षा बारीक. एका दिवसात चाळीस नग भंगारात गेले. "जॉब गार होऊ दे, मग माप घे," एवढंच रोज सांगत राहिलो. तीन महिन्यांत हात बसला. पोरांना काम नको असतं, असं म्हणणाऱ्यांनी हे तीन महिने कधी दिलेत का?

2017 मध्ये माणसं दहा झाली आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू झालं. नफा आधीच जेमतेम, त्यात हा हप्ता. तेव्हा फार जीवावर आलं. आता मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75.

2020 ला ऑर्डरी थांबल्या. चार जणांना घरी पाठवावं लागलं, त्यात पैठणचा तो टर्नरही होता. ती रात्र अजून आठवते. ईएसआयच्याच अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत तेव्हा काम गेलेल्याला सरासरी पगाराच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त नव्वद दिवस मिळत होते. आम्हीच त्याचा अर्ज भरून दिला. बसून पैसे मिळाले की पोरगं बिघडतं, असं तोवर मीही म्हणत होतो. पैसे उशिरा आले, पण त्याची बजाजनगरची भाड्याची खोली सुटली नाही. दिवाळीनंतर फोन केला तर म्हणाला, "साहेब, उद्या फर्स्ट शिफ्टलाच येतो."

हा भत्ता आधी नोकरी करून ईएसआयचा हप्ता भरलेल्यालाच. ज्याला पहिली नोकरीच लागली नाही, त्याला त्यातलं काहीच नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे चारला उठून पळणारी पोरं आळशी कशी म्हणायची? त्यांची चार-चार वर्षं कुठल्याच बायोडेटात धरली जात नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. आयटीआयवाल्याला महिना 8000, सुरुवातीला सहा महिने. तेवढ्यात खोली आणि मेस भागते आणि पोरगं शिकेपर्यंत टिकतं.

पैठणचा तो पोरगा आता आमचा सेटर आहे, मशीन लावून देतो. परवा नव्या पोराने चकमधून, म्हणजे मशीनच्या पकडीतून, जॉब काढला आणि लगेच मायक्रोमीटर उचलला. याने काही न बोलता त्याचा हात धरून ठेवला.