यारी म्हणजे भाला

शनिवारी रात्री साडेबाराला माझा सेनापती जंगलाच्या कडेला मेला आणि मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, कारण पलीकडे माझा दोस्त बोरिवलीकर इतका हसत होता की तो टेबलावरून पण ऐकू येत होता. हरलो, ठीक आहे, फ्रेंडली मॅच होती, पण ज्या पद्धतीने हरलो ते अजून पचलेलं नाही म्हणून लिहून टाकतो.

गेम आपला जुनाच, टोटल वॉर शोगन 2. 2011 चा आहे, आता माझ्या साध्या लॅपटॉपवर पण आरामात चालतो. 2020 मध्ये एप्रिलच्या शेवटी स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या साइटवर, चार-पाच दिवस फुकट मिळत होता तेव्हा आम्ही दोघांनी घेऊन ठेवला, लोकल बंद, तो बोरिवलीला मी विक्रोळीला, भेटायचं तर कुठे आणि कसं. तेव्हापासून शनिवार लागला तो लागला. सोळाव्या शतकातला जपान, गल्लोगल्ली एक सरदार, सगळ्यांना शोगन, म्हणजे अख्ख्या जपानचा लष्करी सर्वेसर्वा, व्हायचंय. मोठा कॅम्पेन 1545 ला सुरू होतो पण तो खेळायला आता कोणाकडे वेळ आहे, आम्ही सरळ लढाई लावतो, दोघांना 10,000 कोकू, त्यात बसेल तेवढं सैन्य घ्यायचं, जास्तीत जास्त 20 तुकड्या.

कोकू म्हणजे काय ते मी मध्ये वाचलं. एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, साधारण 150 किलो. सरदाराची ऐपत पण यातच मोजायचे. म्हणजे आम्ही दर शनिवारी प्रत्येकी 15 लाख किलो तांदूळ अर्ध्या तासात उडवतो. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, आधी खाली जाऊन गव्हाचं दळण घेऊन ये.

आमचे काही नियम आहेत. निन्जा नाही. बंदूकवाले चारच्या वर नाहीत. डोंगराच्या टोकावर बसून "तूच ये वर" करायचं नाही, यावरून एकदा खरंच दोन आठवडे बोलणं बंद होतं. आणि तीनपैकी दोन जिंकेल तो जिंकला, हरलेल्याने रविवारी समोरच्याच्या स्टेशनवर वडापाव घेऊन जायचं, वडापाव आपल्या स्टेशनबाहेरचाच पाहिजे. हा रविवारचा नियम बोरिवलीकराने याच वेळी घातला. लक्षात ठेवा.

पहिली मॅच मी ताकेदा घराणं घेतलं, कारण घोडे. ताकेदांचे घोडेस्वार म्हणजे नावच पुरे आणि मला घोडे पळवताना बघायला जाम आवडतं, कॅमेरा खाली आणून टापांचा आवाज ऐकत बसतो. बोरिवलीकराने घेतले यारी अशिगारू. आता मराठी माणसाला हे नाव ऐकून काय वाटणार, यारी, दोस्ती, फ्रेंडली मॅचला एकदम शोभेल असं. जपानीत यारी म्हणजे लांब भाला. अशिगारू म्हणजे हलक्या पायाचे, साधे पायदळातले गडी, यादीतला सगळ्यात स्वस्त माल. ते "यारी वॉल" करून भाले पुढे रोखून उभे राहिले, मी वरून घोडे सोडले, आणि सहा मिनिटांत खल्लास. एवढंच. तांदूळ वाया.

बोरिवलीकर म्हणाला, "अरे 1575 ला नागाशिनोला ताकेदा कात्सुयोरीने हेच केलं, समोर ओदा नोबुनागाच्या बंदुका आणि लाकडी कुंपण, तरी घोडे घातले. तुला साडेचारशे वर्षांचा वेळ मिळाला होता रे शिकायला."

दुसरी मी जिंकलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही, त्याच्या घरी पाहुणे आले होते, पाणी द्यायला उठला, आणि ऑनलाइन लढाई पॉज होत नाही. तो म्हणतो ही धरायची नाही, मी म्हणतो धरायची.

तिसरीला मी शिमाझु घेतला. गोलात क्रॉस असलेलं निशाण, दक्षिणेकडचे क्युशू बेटावरचे लोक, गेममध्ये यांचे तलवारवाले कटाना सामुराई भारी. बोरिवलीकराने चोसोकाबे, म्हणजे धनुष्यबाण. माझा हिशोब सरळ होता, बाणांचा थोडा मार खायचा, पळत जाऊन भिडायचं, तलवारीपुढे धनुष्यवाला टिकत नाही. मध्ये मोकळं मैदान, उजव्या हाताला झाडी. झाडीत सैन्य लपतं, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, हे मला माहीत आहे, मी हा गेम पाच-सहा वर्षं खेळतोय.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आम्ही कॉल चालू ठेवून खेळतो आणि बोरिवलीकर अखंड बडबडतो. त्याच्या मागे पंखा घरघरतो, कोणीतरी सिरियल बघत असतं, हा चिवडा खात खात माझ्या सैन्याला नावं ठेवत असतो. त्याची बडबड थांबली की झोल आहे असं समजायचं, हे मी इतक्या वर्षांत शिकलोय. तर तिसऱ्या मॅचला त्याची बडबड थांबलीच नाही. उलट वाढली. "अरे माझे बाण संपत आले रे, अरे हे काय, तुझे तलवारवाले किती जवळ आले, वाट लागली माझी." आणि मी येडा, मला वाटलं खरंच वाट लागली.

त्याची मधली फळी मागे सरकायला लागली. आधी दोन तुकड्या, मग चार. मी सगळी तलवारवाली फळी त्यांच्या पाठलागावर सोडली, पळा पळा, आणि सेनापतीला पण घेतलं बरोबर, कारण पळणाऱ्यांना कापायला घोडाच लागतो आणि सेनापतीचं पथक घोड्यावर असतं. झाडीच्या कडेकडेने गेलो. जवळचा रस्ता तोच होता.

या गेममध्ये एखादी तुकडी खरंच घाबरून पळाली की तिचा झेंडा पांढरा होतो. लपालपा करतो, न दिसण्याचा प्रश्नच नाही. त्याच्या एकाही तुकडीचा झेंडा पांढरा नव्हता. ती पळत नव्हती, तो त्यांना मागे चालवत होता. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही, कारण मी कॅमेरा खाली आणून टापा ऐकत होतो.

झाडीतून आधी भालेवाले घोडेस्वार आले, दोन तुकड्या, सरळ सेनापतीच्या बगलेत. त्यांच्या मागून यारी अशिगारू, तेच हलक्या पायाचे. त्याच क्षणी पलीकडची बडबड बंद. चिवडा पण बंद. नुसता पंखा. मी सेनापतीला मागे वळवायला क्लिक करत होतो, एवढे क्लिक केले की तो बहुतेक गोल गोल फिरला असेल. वीस-पंचवीस सेकंदात गेला. मग ती मागे सरकणारी फळी थांबली, वळली, आणि बाण संपत आले होते म्हणे, ते अजिबात संपले नव्हते. सेनापती गेला की सगळ्यांचा धीर सुटतो, माझे ते महागडे सामुराई एकामागून एक पांढरे झेंडे लावून पळायला लागले आणि गेममधला तो बाबा त्याच्या ठेवणीतल्या आवाजात "शेमफुल डिस्प्ले" ओरडला. मग इकडे मी हेडफोन काढला.

हसून झाल्यावर बोरिवलीकर म्हणाला, "तुला माहितीये का ही आयडिया कोणाची आहे?" मी म्हटलं गनिमी कावा. तो म्हणाला ते आहेच, पण हे शिमाझुंचं आहे. याला नाव पण आहे, त्सुरीनोबुसे. त्सुरी म्हणजे गळ टाकून मासे पकडणं, नोबुसे म्हणजे दबा धरून बसणं. मधल्यांनी हरल्याचं नाटक करत मागे यायचं, शत्रू पाठलाग करत आत आला की दोन्ही बाजूंनी लपलेले बाहेर पडणार. 1572 ला किझाकिहाराला शिमाझु योशिहिरोने सुमारे 300 माणसं घेऊन इतो घराण्याच्या 3,000 लोकांना असंच झोपवलं असं सांगतात, पुढे 1578 ला मिमिगावाला ओतोमो घराण्याची पण हीच गत.

म्हणजे शिमाझु मी. आणि शिमाझुंचा डाव शिमाझुंवर टाकणारा हा. त्याने मी घराणं निवडताना बघितलं आणि तेव्हाच ठरवलं म्हणे. आठवडाभर कसलं तरी वाचत होता ते हेच.

मग रिप्ले लावला. त्याच्या बाजूने बघायला मिळतं हे एक बरं. झाडीत ते घोडेस्वार पहिल्यापासून गप उभे, माझे लोक चाळीस पावलांवरून गेले तरी हलले नाहीत. आणि डाव्या टोकाला त्याचा सेनापती एकटा. सोबत कोणी नाही. एक तुकडी पाठवली असती तरी... मी तिथे रिप्ले थांबवून त्याला दाखवलं. तो म्हणाला हो, मला पण धाकधूक होती, म्हणूनच एवढा बोलत होतो.

रविवारी सकाळी वडापाव घेतले, चार, सुकी चटणी वेगळी बांधून, आणि स्टेशनवर गेलो तर गर्दी बघूनच कळलं. मेगाब्लॉक. फास्ट गाड्या पण स्लोवर वळवलेल्या, त्यामुळे सगळंच लेट. घाटकोपरपर्यंत कसाबसा लटकत आलो, पिशवी डोक्यावर धरून, मग मेट्रो, मग अंधेरीहून परत लोकल. बोरिवलीला तो पुलाखाली हातात कटिंग घेऊन उभा. पाव चेपून पापड झालेले.

मी म्हटलं, मेगाब्लॉक होता साल्या.

म्हणाला, "माहितीये. शुक्रवारीच वाचलं होतं मी. रविवार काय उगाच ठेवला?"