पेड न्यूजची तक्रार तडीस नेताना

पैसेवाला उमेदवार झेंडे, गाड्या, मंडप यांवर खर्च करतो तो लोकांना दिसतो. पैसे देऊन बातमी म्हणून छापून आणलेल्या मजकुराचा, म्हणजे पेड न्यूजचा, खर्च मात्र ना मतदाराला कळतो, ना उमेदवाराच्या हिशेबात चढतो. आशा सेविकांच्या मानधनावर किंवा पीकविम्यावर बोलणाऱ्या उमेदवाराला त्याच पानावर चार ओळी मिळत नाहीत, कारण ती जागा आधीच विकलेली असते. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या मतदारसंघातला असा एक मजकूर मी जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे, म्हणजे एमसीएमसीकडे नेला आणि निर्णय होईपर्यंत लावून धरला. ज्यांना पुढे हे करायचं आहे त्यांच्यासाठी ही वाट सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. पेड न्यूज हा स्वतंत्र गुन्हा नाही. निवडणूक आयोगाने 2011 मध्ये तशी दुरुस्ती मागितली, विधी आयोगाच्या 255 व्या अहवालाने 2015 मध्ये तेच सुचवलं, तरी कायदा बदललेला नाही. म्हणून पोलीस ठाण्यात जाऊन काही हाती लागत नाही. तक्रारीचा हेतू एकच असतो: त्या जागेची किंमत उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरली जावी. महाराष्ट्रात विधानसभेला ही मर्यादा 40 लाख रुपये आहे. खर्च उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा धरतात. 2024 मध्ये अर्ज 22 ते 29 ऑक्टोबरला भरले गेले. त्याआधी महिनाभर जी स्तुती छापली गेली ती या हिशेबाबाहेर राहिली. आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, त्यापूर्वीच्या सरकारी जाहिरातींचा पूरही असाच सुटला. मला ही या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी फट वाटते.

आता पान कसं वाचायचं ते. आमच्याकडचा मजकूर जिल्हा पुरवणीत होता, मुख्य अंकात नाही. पाच कॉलमी मथळा, उमेदवाराचा हात जोडलेला फोटो, ‘सर्व समाजघटकांचा वाढता पाठिंबा’, खाली ‘प्रतिनिधी’ एवढंच. कोणत्या गावात, किती वाजता, कोण बोललं, काहीच नाही. त्याच पानाच्या तळाशी सोयाबीन 4,892 रुपयांच्या हमीभावाखाली विकलं जात असल्याची बातमी एका कॉलमात कोंबलेली. दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्धी दैनिकात तोच मजकूर, तोच फोटो, फक्त मथळा वेगळा. दोन स्पर्धक वर्तमानपत्रांत एकच मजकूर येणं हे आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही पेड न्यूजचं लक्षण म्हणून दिलं आहे. एकाच पानावर दोन विरोधी उमेदवार आपापला विजय निश्चित असल्याचं सांगत असतील, तर तेही लक्षणच.

पुरावा म्हणून कात्रण लावू नका. पूर्ण पान लावा, त्यावर तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक दिसला पाहिजे. छापील अंक विकत घेऊन जपून ठेवा. ई-पेपरचं पान मागाहून बदलता येतं. मग पट्टी घेऊन मजकूर मोजा, मथळा आणि फोटो धरून. समजा 24.5 सेंमी रुंद आणि 16 सेंमी उंच, तर 392 चौरस सेंमी. हा आकडा तक्रारीतच लिहून द्या, कारण पुढे दराने गुणायचं आहे तो हाच.

खरं वजन पडतं ते तुलनेच्या तक्त्याला. पैसे दिल्याची पावती कधीच मिळत नाही, त्यामुळे सगळी मदार परिस्थितीजन्य पुराव्यावर असते. त्या दैनिकाचे रोजचे अंक घेऊन प्रत्येक उमेदवाराला किती चौरस सेंमी जागा मिळाली, त्यातली बातमी किती, गौरव किती, फोटो किती, असा तक्ता केला. नुसतं ‘हे पक्षपाती आहे’ असं लिहिलं असतं तर समितीने ते संपादकीय स्वातंत्र्य म्हणून सोडून दिलं असतं. आणि ते योग्यच आहे. वर्तमानपत्राला एखादी बाजू घेण्याचा अधिकार आहे. ती बाजू विकून मतदाराला बातमी म्हणून देण्याचा नाही.

तक्रारीचा अर्ज जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करायचा, प्रत निवडणूक निर्णय अधिकारी आणि खर्च निरीक्षकांना. एमसीएमसीचं कामकाज बहुतेक जिल्हा माहिती अधिकाऱ्यांकडून चालतं. पोच घेताना तारखेबरोबर वेळही लिहून घ्या, कारण इथून पुढे सगळं तासांवर चालतं. मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून किंवा तक्रार मिळाल्यापासून 96 तासांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उमेदवाराला नोटीस द्यायची. उमेदवाराने 48 तासांत उत्तर द्यायचं. दिलं नाही तर समितीचा निर्णय अंतिम. निर्णय मान्य नसेल तर 48 तासांत राज्यस्तरीय समितीकडे अपील, तिथे 96 तासांत निकाल, आणि त्यानंतर 48 तासांत आयोगाकडे. हे सगळं जोडलं तर लक्षात येईल की मतदानाच्या आदल्या आठवड्यातली तक्रार मतदानापूर्वी निकाली निघणं अवघड असतं. म्हणून पहिला मजकूर दिसताच अर्ज द्या, गठ्ठा साठवत बसू नका.

उमेदवाराची उत्तरं ठरलेली असतात. ‘आम्ही प्रसिद्धिपत्रक दिलं, छापायचं की नाही हे संपादकांनी ठरवलं’ हे सगळ्यात भक्कम. त्याला तोड म्हणजे इतर उमेदवारांच्या प्रसिद्धिपत्रकांचं काय झालं ते दाखवणं: तीच तारीख, तेच दैनिक, आणि ती पत्रकं छापलीच गेली नाहीत किंवा दोन ओळींत आटोपली. आमच्या प्रकरणात समितीने दोन्ही दैनिकांत आलेला समान मजकूर पेड न्यूज ठरवला, बाकीचा प्रसिद्धिपत्रक म्हणून सोडला.

पेड न्यूज ठरली की जागेला सरकारी जाहिरात दर लावून उमेदवाराने तेवढा खर्च केला असं मानतात. हा दर बाजारातल्या जाहिरात दरापेक्षा कितीतरी कमी असतो. दर चौरस सेंमीला 50 रुपये धरला तर वरच्या 392 चौरस सेंमीचे 19,600 रुपये होतात. 40 लाखांत हे कुठेच जाणवत नाही, तरीही नोंद महत्त्वाची आहे. नांदेड जिल्ह्यातल्या भोकर मतदारसंघाचं 2009 चं प्रकरण आठवा: वेगवेगळ्या दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचे एकसारखे मजकूर आले, प्रतिस्पर्धी उमेदवार माधवराव किन्हाळकरांनी तक्रार केली. 5 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिशेब खरा आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे. पुढे आयोगाने चव्हाणांना काढलेली नोटीस दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. पण अधिकाराचं ते तत्त्व टिकलं, आणि आज तक्रारदार त्याच्याच आधारावर उभा असतो.

समाजमाध्यमांचं पारडं आता जड झालंय. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींसाठी मेटाची जाहिरात लायब्ररी उघडा: पैसे कुणी भरले, खर्च कोणत्या टप्प्यात, किती वेळा दिसली, कोणत्या राज्यात, सगळं तिथे मिळतं. जाहिरात पक्षाच्या नावाने नसून भलत्याच पेजवरून असेल तर दोनच शक्यता. उमेदवाराची संमती असेल तर तो त्याचा खर्च. नसेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली निवडणुकीसाठीचा बेकायदा खर्च. यूट्यूबवरच्या स्थानिक पोर्टलांची गोष्ट वेगळी. तिथे मुलाखत म्हणून जे विकलं जातं त्याला सरकारी दरच सापडत नाही, म्हणून तक्रार अडते. आचारसंहिता भंगाच्या तक्रारीसाठीचं आयोगाचं सी-व्हिजिल अ‍ॅप पैसेवाटप, दारू अशा डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टींसाठी उत्तम आहे. त्यात गॅलरीतला फोटो चढत नाही, त्यामुळे तुलनेच्या तक्त्यासाठी ते उपयोगाचं नाही.

निकालानंतर 30 दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. निवडणूक संचालन नियमांच्या नियम 88 प्रमाणे एक रुपया भरून कुणालाही तो पाहता येतो, ठरलेलं शुल्क भरून साक्षांकित प्रतही मिळते. ती मागवा आणि समितीने ठरवलेली रक्कम चढली आहे की नाही ते पाहा. चढली नसेल तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना लेखी कळवा, सोबत समितीच्या निर्णयाची प्रत जोडा. निवडून आलेल्या उमेदवाराकडून सगळं धरून मर्यादा ओलांडली जात असेल तर ते लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(6) खालचं भ्रष्ट आचरण ठरतं, आणि मतदारसंघातला कोणताही मतदार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करू शकतो. मुदत 45 दिवस, अनामत 2,000 रुपये, सोबत प्रत्येक प्रतिवादीसाठी एक प्रत आणि नमुना 25 मधलं प्रतिज्ञापत्र. हिशेबाची वाट पाहण्यात 30 दिवस जातात, म्हणून वकिलाकडे तक्ता आणि अंक आधीच देऊन ठेवा.